गिरणगावातली खोली जशीच्या तशी उभी करायची आहे: मोजमाप, सामान, आवाज, सगळं सांगा

माणदेशी_शाळू (सातारा)

साताऱ्यात एका ग्रंथालयाच्या मागच्या दालनात गिरणगावातली एक खोली उभी करायचं ठरलंय. फोटो लावायचे नाहीत. आत शिरता यावं, खाली मांडी घालून बसता यावं अशी खरीखुरी खोली करायची आहे.

मुंबईत लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात सातारा-सांगलीकडच्या घरांतली कितीतरी पोरं लहानाची मोठी झाली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत शाळेचे दाखले काढून कित्येक मुलं गावाकडच्या शाळेत येऊन बसली. आज ती बहुतेक पन्नाशीच्या पुढं आहेत. नातवंडांना घेऊन मुंबईला गेली, तर दाखवायला गिरणीच्या जागी काचेचे मनोरे आहेत.

या बालपणाबद्दल लिहिलं पुष्कळ जातं, पण 'खोली एवढीशी, माणसं मनानं मोठी' इथंच ते संपतं. खोली किती फुटांची, मोरी कुठल्या कोपऱ्यात, रात्री कोण कुठं झोपायचं, भाकरीला पीठ किती लागायचं, हे कुणी लिहून ठेवत नाही आणि सगळ्यात आधी तेच पुसलं जातंय.

आमचं दालन १२ बाय १८ फूट आहे. गावकीचा गाळा, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून ठेवलेली भाड्याची खोली, उभारावा असा विचार आहे. कौतुक नको, तपशील द्या.

पाटणचा_पाऊस

जागा पुरेशी आहे. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची, म्हणजे १० बाय १६ धरा. भिंतींची जाडी धरून तुमच्या दालनात नेमकी बसते.

पण आधी कुठली चाळ ते ठरवा, कारण दोन प्रकार अगदी वेगळे आहेत. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधल्या, काँक्रीटच्या. एकूण २०७. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत, ४२ नायगावला, ३२ ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या डिलाईल रोडला, आणि १२ शिवडीला. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८०. मधून बोळ आणि दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. त्या बोळात दिवसाही दिवा लागतो. संडास मजल्याला मिळून सामाईक.

लालबाग-परळच्या खासगी चाळी निराळ्या. लाकडी कठडा, समोर उघडी गॅलरी, खाली चौक. चित्रपटांत दिसते ती ही. दोन्हींची सरमिसळ केलीत तर बघणारा दारातच थबकेल. बीडीडी करणार असाल तर दाराबाहेर अंधारा बोळ हवा, गॅलरी नको.

कृष्णाकाठ

गावकीच्या गाळ्याचा हिशेब असा बसतो.

१६० चौरस फुटांतून मोरी आणि चुलीची जागा मिळून ३० वजा करा. उरले १३०. एका माणसाला झोपायला ६ बाय २, म्हणजे १२ चौरस फूट. खांद्याला खांदा लावून दहा माणसं. पण गाळ्याचे सभासद पंचवीस-तीससुद्धा असत. ते मावत, कारण गिरणी तीन पाळ्यांत चालायची: सकाळी ७ ते दुपारी ३.३०, ३.३० ते रात्री १२, आणि १२ ते सकाळी ७. रातपाळीवाले दिवसा झोपणार, पहिल्या पाळीवाले रात्री. एकच चटई दिवसभरात दोघा-तिघांच्या पाठीखाली जायची. उरलेले बोळात, जिन्याच्या वळणावर, उन्हाळ्यात गच्चीवर किंवा फुटपाथवर.

प्रत्येकाच्या वाट्याला तीनच गोष्टी: एक ट्रंक, एक खुंटी, एक वळकटी. ट्रंका भिंतीलगत एकावर एक. रोज लागणारी वर आणि गावी गेलेल्याची तळाला. खुंट्यांची लाकडी पट्टी डोक्याच्या उंचीच्या वर ठोकायची, म्हणजे लोंबणारे कपडे झोपलेल्याच्या तोंडावर येत नाहीत. एक दोरी आडवी, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

दाराजवळ गावकीची वही खिळ्याला टांगलेली हवी. भाड्याची वर्गणी, यात्रेची वर्गणी, गावातल्या देवळाचा नाहीतर शाळेचा फंड, सगळं तिच्यात. कोण नवा आला, कुणाच्या ओळखीनं आला, तेही.

रहिमतपूरकरीण

वरचा सगळा तपशील बरोबर आहे, पण मूळ कल्पनेलाच माझा विरोध आहे.

गावकीचा गाळा ही पुरुषांची जागा होती. बायका-मुलं तिथं राहत नसत. माणदेशी_शाळू, तुम्हाला बालपण दाखवायचंय ना? मग ते गाळ्यात सापडणार नाही. ते कुटुंबाच्या खोलीत होतं. तीच १६० चौरस फूट जागा: नवरा-बायको, तीन-चार मुलं, एखादी आजी, एखादा दीर आणि वर जेवायला येणारी बाहेरची दहा-वीस माणसं. कारण त्या घरातली बाई खाणावळ चालवायची. गाळ्यातला माणूस जेवणार कुठं, याचं उत्तर तीच होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच खाणावळवाल्या बायकांना घेऊन, कारण त्यांना बँक दारात उभी करत नव्हती आणि सावकाराचं व्याज फिटत नव्हतं.

गाळा उभा केलात तर या बाया पुन्हा एकदा भिंतीआड जातील. खाणावळीची खोली करा.

पाटणचा_पाऊस

रहिमतपूरकरीण यांच्याशी सहमत.

कृष्णाकाठ

मी नाही. सातारा-सांगलीच्या गावांनी मुंबईत काही उभं केलं असेल तर ते गाळा. एका गावानं परक्या शहरात सामाईक जागा पन्नास-साठ वर्षं टिकवली. खाणावळी सगळ्याच प्रांतांच्या होत्या. गाळ्याला दालनात जागा नसेल, तर निदान अर्धी भिंत तरी द्या.

माणदेशी_शाळू

रहिमतपूरकरीण, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. मग खाणावळीचा तपशील द्या: माणसं पंधरा धरली तर धान्य, भांडी, वेळ?

रहिमतपूरकरीण

पंधरा माणसं धरू. गिरणीत उभं राहून काम करणारा माणूस एका वेळी तीन भाकरी सहज खातो. पंचेचाळीस भाकरी. एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम आकाराच्या दहा होतात, म्हणजे एका वेळेला साडेचार किलो पीठ. घरच्यांचं वेगळं. थापणं-भाजणं धरून भाकरीला दोन मिनिटं लागतात. एका तव्यावर दीड तास. सातच्या पाळीला डबा न्यायचा तर बाई चारला उठणार, त्याला दुसरा इलाज नाही.

पीठ एकदम मळून चालत नाही. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. मळून ठेवलेला गोळा सुकतो आणि थापताना कडा फाटतात. दोन-तीन भाकरींपुरतंच पीठ परातीत ओढायचं, मळायचं, थापायचं. शिवाय मुंबईच्या दमट हवेत दळलेल्या पिठाची विरी, म्हणजे असतो तेवढा चिकटपणा, लवकर जाते. आठ दिवसांच्या वर पीठ ठेवू नये. विरी गेलेल्या पिठाला उकळतं पाणी घालून मळलं तर वेळ निभते, पण भाकरी फुगत नाही.

गावाहून पोतं आलं की शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, सोंडे (किडे) लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा सुकलेला पाला थराथरात घालायचा. पोतं जमिनीला टेकवायचं नाही, खाली फळी.

दाखवण्यासाठी: पितळी परात, काठवट, लोखंडी तवा, पंधरा जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) ताटल्या, तेवढेच पेले आणि भिंतीवर खाड्यांची वही. गावी गेलेल्या माणसाचे खाडे वजा करून महिन्याचा हिशेब व्हायचा. त्या वहीशिवाय खाणावळ दिसणार नाही.

वारणेचं_पाणी

शाळू कुणाचा पण? जतचा की माणचा? इथं धागा दोन पानांनी वाढू शकतो.

माणदेशी_शाळू

माझं नाव वाचूनही हा प्रश्न पडावा? :)

पंपवाला_मिरज

स्टोव्हबद्दल लिहितो, कारण प्रदर्शनांत तो हमखास चुकीचा ठेवतात. वातीचा स्टोव्ह आणि पंपाचा स्टोव्ह या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पंधरा जणांच्या कालवणाला पंपाचा लागतो. वातीच्याची आंच त्याला पुरत नाही.

पंपाचा पितळी स्टोव्ह पेटवायची रीत: टाकीत रॉकेल पाऊणपर्यंत, काठोकाठ नाही, कारण वर हवेला जागा हवी. बर्नरखालच्या वाटीत काकडा ठेवून तो पेटवायचा आणि बर्नर चांगला तापू द्यायचा. मग हवेचा स्क्रू बंद करून पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती बारीक भोकातून बाहेर पडून निळी जळते. बर्नर नीट तापला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका उठतो. लुगड्याचे पदर पेटायचे ते याच वेळी. बंद करायचा तर स्क्रू सैल करून हवा सोडायची.

बिघाड दोनच. भोकात काजळी बसली की ज्योत एका बाजूला झुकते, त्याला पीन मारायची. पंप मारूनही दाब धरत नसेल तर आतला चामड्याचा वायसर सुकलेला असतो. तो काढून तेलात भिजवायचा, बोटांनी पसरवायचा आणि परत बसवायचा. पीन ही पत्र्याच्या पट्टीला लावलेली बारीक तार असते. ती स्टोव्हशेजारी खिळ्याला अडकवलेली दाखवा. तिच्यावरून जाणकार खोली खरी मानतील.

दालनात टाकी पूर्ण रिकामी करून, दोन दिवस उन्हात उघडी ठेवूनच मांडा.

साचेखाते

आवाजाचं विचारलंत. भोंगा ध्वनिमुद्रित करून लावणार असाल तर एकाच गिरणीचा लावू नका. त्या भागात गिरण्या एकमेकींना लागून होत्या आणि भोंगे थोड्या थोड्या अंतरानं, वेगवेगळ्या पट्टीत वाजायचे. आधी इशाऱ्याचा, मग पाळी सुरू झाल्याचा. मुलांना कुठला भोंगा बापाच्या गिरणीचा ते कळायचं. घड्याळ नसलेल्या घरात शाळेची, पाण्याची वेळ त्यावरच ठरायची.

खोलीत गिरणी यायची ती माणसाच्या अंगावरून. कुठल्या खात्यातला माणूस ते कपड्यांवर दिसतं. ब्लो रूम आणि कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यांतल्याच्या भुवयांवर, केसांत कापसाचा बारीक पिंजर. रिंगखात्यातल्याच्या, म्हणजे सूतकताईवाल्याच्या, अंगाला तेलाचा वास. साचेखात्यातला, म्हणजे मागावर विणणारा, माणूस घरीही मोठ्यानं बोलतो, कारण मागांच्या खडखडाटात कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू जात नाही आणि पुढं कानच मंद होतात. कार्डिंगमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्याची छाती भरते. सुरुवातीला त्रास सोमवारी जास्त होतो, कारण रविवारच्या सुट्टीनंतर फुप्फुसं पुन्हा त्या धुळीला सामोरी जातात. आठवडा सरेल तसा कमी वाटतो, म्हणून माणूस तो अंगावर काढतो.

साचेखात्यातला एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा ठोकळा, मिळवा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, पोटात सुताची कांडी बसायची जागा आणि बाजूला सूत बाहेर यायचं भोक. ते भोक दिसेल असा उघडा ठेवा.

भीमाई_काठ

त्या भोकाबद्दल बोलल्याशिवाय धोटा ठेवू नका.

कांडी संपली की नव्या कांडीचं सूत त्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, एवढ्या कारणावरून सवर्ण कामगार अस्पृश्यांना साचेखात्यात येऊ देत नसत. आणि विणकराची मजुरी रिंगखात्यातल्या मजुरीपेक्षा जास्त. म्हणजे विटाळाचा थेट पगाराशी संबंध. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबरच्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढं आणला: साचेखात्याचं दार आमच्या लोकांना उघडं करा.

साताऱ्यात खोली उभारताय म्हणून आणखी एक. बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. पुढं त्यांचं मुंबईतलं राहणं परळच्या बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत. एका खोलीत संसार, दुसरीत पुस्तकं. या बीआयटी चाळी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये तो ट्रस्ट नेमला गेला. सातारा ते परळ हा रस्ता फक्त कामगारांचा नव्हता, हे एका चौकटीत लिहा.

आणि गावकीच्या गाळ्याची अर्धी भिंत देणार असाल तर हेही लिहा की गाळे बहुतेक जातवार होते. एकाच गावचे दोन गाळे दोन वेगळ्या चाळींत असायचे.

कृष्णाकाठ

भीमाई_काठ, हे लिहिलंच पाहिजे. वहीतली सभासदांची यादी वाचली की आडनावांवरून ते दिसतंच.

माणदेशी_शाळू

धोटा, भोक आणि मजुरीचा फरक, तिन्ही एका चौकटीत घेतो. मजकूर तुम्हीच लिहून द्याल का?

भीमाई_काठ

देतो. दीडशे शब्दांच्या आत.

गोट्या_विटी_दांडू

बालपण म्हणताय तर मुलांच्या हाताला काय लागायचं ते कुणीच सांगितलं नाही.

गिरणीतून बाद झालेल्या लाकडी कांड्या घरोघरी असत. त्या रांगेत उभ्या करून चेंडूनं पाडायच्या, किंवा दोन कांड्यांना आस घालून गाडी करायची. चेंडू गिरणीतल्याच सुताच्या गुंत्याचा. गुंता घट्ट वळायचा, वरून चिंधी, त्यावर सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी चकत्या ओढून बसवायच्या. चकत्या अर्धा बोट रुंद हव्यात. बारीक कापल्या तर दुसऱ्याच टप्प्याला तुटतात.

संक्रांतीच्या आधी मांजा. फुटक्या ट्यूबलाइटची काच खलबत्त्यात कुटून मलमलीतून चाळायची. शिजवून घोटलेल्या भाताची खळ, त्यात सरस आणि रंग, मग ती काच. गॅलरीच्या दोन खांबांना दोरा गुंडाळत न्यायचा आणि लगदा चिंधीत धरून दोऱ्यावरून फिरवायचा. खळ पातळ झाली तर काच धरत नाही. जाड झाली तर दोरा ताठ होऊन फिरकीवर तुटतो. आता मात्र असा मांजा करू नका, दालनातही ठेवू नका. नायलॉनचा आणि काचेचा लेप दिलेला मांजा २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानं बंद आहे. साधा दोरा आणि फिरकी पुरे.

बीडीडीच्या बोळात क्रिकेटचे नियम वेगळे: दोन्ही भिंती असल्यानं चेंडू हवेत मारला की बाद, कुणाच्या दारात गेला की बाद, आणि जो आजीच्या पाण्याच्या कळशीत घालेल त्यानं कळशी भरून आणायची.

वारणेचं_पाणी

शेवटचा नियम आयसीसीनं घ्यायला हरकत नाही.

सज्जनगडचा_वारा

एवढा वेळ मुंबईवर बोलतोय आणि समुद्राचा उल्लेखच नाही. ते शहर समुद्रावर आहे हे त्या खोलीत कळणार कसं?

पाटणचा_पाऊस

गिरणगावातून समुद्र दिसत नव्हता ना. पश्चिमेला वरळी, पूर्वेला शिवडीची चिखलपट्टी, मध्ये गिरण्या.

दर्या_आणि_दरी

दिसत नसला तरी त्याची वेळ पाळावी लागायची. हाजीअलीच्या दर्ग्याची पायवाट भरतीला पाण्याखाली जाते. रविवारी मुलांना घेऊन जायचं तर भरती-ओहोटी माहीत हवी. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे आणि तो चाळीतल्या मुलांनाही ठाऊक असायचा: तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ.

अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला तीनच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हे जमतं, कारण चंद्रामुळं भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, आणि तिथीमागे पाऊण तास धरला की साधारण तेच येतं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, तेव्हा पाण्यात शिरायला हा हिशेब वापरू नये. पण ओहोटीला निघायचं की नाही एवढं ठरवायला पुरतो.

खोलीत समुद्र आणायचा तर तिथ्या छापलेली दिनदर्शिका मोरीजवळच्या भिंतीवर लावा आणि शेजारी खडूनं हा गुणाकार.

कृष्णाकाठ

भरतीचा पावसाशीही संबंध आहे. सांगलीला आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोयनेतून किती सोडलंय ते कळतं, पाणी चढायला वेळ लागतो, जनावरं हलवता येतात. परळ-लालबागचं पाणी असं नसतं. हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल असं धरून. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला बाहेर जायला वाट नाही. तासाभरात गुडघाभर साचतं आणि ओहोटी लागली की उतरतं.

म्हणून तळमजल्याच्या खोलीत ट्रंका विटांवर असतात, दोन विटांची उंची. धान्य पोटमाळ्यावर. उंबऱ्याला आडवी फळी घालायला दोन्ही बाजूंना खाच. तुमची खोली तळमजल्याची आहे की वरची, ते ठरवा. तळमजल्याची असेल तर भिंतीला फूटभर उंचीवर पाण्याची रेघ ओढा.

साचेखाते

आणि साल ठरवा. त्याशिवाय वस्तू एकमेकींशी भांडतील. कुणीतरी ट्रामचं चित्र लावायचं सुचवेलच. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. ऐंशीच्या खोलीत ती येऊ शकत नाही. दूरचित्रवाणी मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आली, पण संच चाळीत एखाद्याकडेच. तुमच्या खोलीत रेडिओ ठेवा, वर क्रोशाचा रुमाल घालून.

मी १९८१ ची दिवाळी धरीन. संपाच्या आधीची. जानेवारी ८२ धरलंत तर बघणारा खोली न बघता संपच बघेल.

दर्या_आणि_दरी

दिवाळी ८१ उत्तम. दारात पुठ्ठ्याचा आकाशकंदील, आणि गावाहून आलेलं गाठोडं अर्धवट सोडलेलं. साताऱ्याचे कंदी पेढे, शेंगदाण्याची चटणी, हुलगे, सांगलीकडून भडंग, हळद, तासगावचा बेदाणा. पुणे-मिरज लोहमार्ग रुंद झाल्यावर पुण्याला गाडी बदलायची कटकट संपली आणि असं सामान थेट जाऊ लागलं. एसटीनं जायचं तर खंबाटकी, कात्रज आणि बोरघाट, तीन घाट. तेलाची बाटली गाठोड्यात मध्यभागी, चारही बाजूंनी धान्य, आणि बुचावर मेण.

कागदपत्र_सांगली

एक कळकळीची सूचना. लोकांकडून वस्तू गोळा करताना गिरणीची मूळ कागदपत्रं घेऊ नका. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असलेल्यांना, अथवा त्यांच्या वारसांना, म्हाडाच्या घरासाठी अर्ज करता आला. पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. कितीतरी जण अजून घराच्या प्रतीक्षेत आहेत. पात्रता सिद्ध करायला हजेरीपत्रक, ईएसआयचं कार्ड, तिकीट नंबर असलेला पास, भविष्यनिर्वाह निधीची पावती, हेच लागतं. काचेच्या पेटीत गेलेला कागद ऐन वेळी सापडत नाही. रंगीत झेरॉक्स घ्या, मूळ प्रत त्याच दिवशी परत द्या, आणि प्रदर्शनात नाव, तिकीट नंबर झाका.

गावकीच्या गाळ्याबद्दलही. भाडेपावती कुणा एकाच्या नावानं, हक्क मात्र साऱ्या गावाचा, अशी ती रचना. पुनर्विकासात पावतीमागे एक घर मिळतं. बीडीडीत ते ५०० चौरस फुटांचं आहे. मग पावतीवरच्या माणसाच्या नातवाचं की गावाचं, हा वाद उभा राहतो. ज्यांच्याकडे जुनी वही, ठरावांची पानं, वर्गणीच्या पावत्या आहेत, त्यांनी त्या आजच स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवाव्यात. वही ओल्या जागी असेल तर पानं आधी सावलीत सुटी वाळवा. इस्त्री फिरवू नका, शाई पसरते.

रहिमतपूरकरीण

हा सल्ला वेगळा धागा काढून वर चिकटवा.

माणदेशी_शाळू

सगळ्यांचं मिळून असं ठरवलंय. बीडीडी, तळमजला, दिवाळी १९८१. कुटुंबाची खोली, पंधरा माणसांची खाणावळ. विटांवर ट्रंका, फूटभरावर पाण्याची रेघ, दिनदर्शिका आणि खडूचा गुणाकार. पंपाचा स्टोव्ह आणि पीन. गावकीची वही आणि खुंट्यांची पट्टी बाहेरच्या बोळाच्या भिंतीवर, म्हणजे समोरच्या दारामागे गाळा आहे असं दिसेल. कृष्णाकाठ, अर्ध्या भिंतीऐवजी पूर्ण दार दिलंय तुम्हाला. धोट्याची चौकट आत, खिडकीजवळ, कारण तिथं उजेड आहे.

दोन गोष्टी राहिल्या. अंथरुणं, आणि भिंतींचा रंग. ऑइलपेंट मारू का?

रहिमतपूरकरीण

अंथरूण म्हणजे वाकळ. बाजारची गोधडी आणू नका. जुनी लुगडी पाच-सहा थरांत, आतले थर विटकेच, टाके हाताचे आणि बोटाच्या पेराएवढे. घोंगडी एखादीच. मुंबईच्या दमट हवेत ती ओल धरते, म्हणून थंडीपुरती बाहेर काढत. बाकी वेळ ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात.

कृष्णाकाठ

दार मंजूर.

ऑइलपेंट नको, चुना. त्या खोल्यांत दिवाळीच्या आधी घरच्यांनीच चुना मारायची रीत होती, आणि तुमची खोली दिवाळीचीच आहे. एक किलो चुनकळीला साधारण पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुनकळी थोडी थोडी करून. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडते. डोळ्यांना चष्मा लावा, प्लॅस्टिकची बादली वापरू नका. एक दिवस भिजू द्या, मग जाड फडक्यानं गाळा. त्यात भिजवलेला डिंक किंवा उकळलेला सरस घालाच, नाहीतर भिंतीला टेकणाऱ्या प्रत्येकाची पाठ पांढरी होईल. नीळ चिमटीनं, एकदम नाही. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. खालची फूटभर पट्टी गेरूनं रंगवा आणि पाण्याची रेघ तिच्या वरच्या कडेला घ्या.

चुनकळी किती लागेल ते भिंतींची उंची कळवलीत की सांगतो.

माणदेशी_शाळू

उंची साडेनऊ फूट. खिडकी एक, ३ बाय ४. दार एक.